खामच्या काठानं, हिंडायला

पोलीस ॲक्शननंतर माझ्या सासऱ्यांनी वैजापूरकडची मेंढरं विकली आणि शहराला लागून असलेल्या लष्कराच्या छावणीत येऊन म्हशी घेतल्या. पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिलेलं घर एका गोठ्याभोवती बसलं. मी त्या घरात सून म्हणून गेले तेव्हा भिंतीला दुधाच्या सायकली टेकलेल्या असायच्या, मागं दोन्ही बाजूंना किटल्या अडकवायचे आकडे. सासऱ्यांना आम्ही सुना मामा म्हणायचो, त्यांची मुलं बापू म्हणायची. त्यांचा शब्द मोडायची घरात कुणाची टाप नव्हती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळं घरातल्या बायका म्हणजे मी आणि माझी थोरली जाऊ. त्यांना मी अक्का म्हणायचे.

माझं माहेर शेंद्र्याचं. तेव्हा तिथं कारखाने नव्हते, नुसती ज्वारी. मॅट्रिक झाले होते म्हणून बेगमपुऱ्यातल्या एका बालवाडीत मला नोकरी मिळाली, आणि छावणीतून तिथं रोज जायचं म्हणून नवऱ्यानं एक जुनी लेडीज सायकल आणली. मामांनी ती बराच वेळ न्याहाळली.

"कामाला जायचं, कामावरनं यायचं. बस," ते म्हणाले.

अक्कांना ती सायकल माझ्यापेक्षा जास्त आवडली. त्या धनगरवाड्यावर वाढलेल्या. लहानपणी मेंढरांमागं पार गोदावरीच्या काठापर्यंत चालत गेलेल्या. लग्न झालं आणि गोठा, नळ, चूल एवढ्यातच त्यांची पायपीट संपली. दोन मुली शाळेत जायला लागल्या तरी त्यांनी शहर पाहिलं होतं ते फक्त दवाखान्याच्या वाटेवरचं. एके दुपारी पुरुषमाणसं झोपल्यावर त्या म्हणाल्या, "मला बी शिकीव."

गोठ्यामागच्या मोकळ्या मैदानात आम्ही शिकायला लागलो. माझ्या सायकलीवर त्यांचं जमेना, बुटकी वाटायची. दुधाच्या उंच सायकलीवर मात्र कासोटा घातलेल्या लुगड्यात त्या सरळ टांग टाकून बसल्या. गोल साडीतल्या मला ते कधीच जमलं नसतं. पडल्या, गुडघा फुटला, घरात म्हशीनं लाथाडलं म्हणून सांगितलं. पावसाळा सरेपर्यंत त्या मैदानाला गोल चकरा मारायला लागल्या होत्या.

दसरा झाल्यावर एका रविवारी मामा बाजेवर चहा पीत बसले होते. अक्का त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मामा, आम्ही दोघी नदीच्या काठानं जाऊन येतो. सायकलीवर."

"काय काम हाय?"

"काम नाय. हिंडायला."

मामांनी कप खाली ठेवला. "बायका कामाला भाईर पडत्यात. हिंडायला नाय."

"मेंढरांमागं मी लई हिंडले, मामा."

"ते काम व्हतं."

"व्हय. म्हणूनच आता बिनकामाचं हिंडायचंय."

"सायकल उंबऱ्याभाईर निघाली तर पाय तोडीन," मामा म्हणाले. आवाज चढवला नाही, तो त्यांना चढवावा लागायचाच नाही.

अक्कांनी दुधाच्या सायकलींतली जास्तीची एक भिंतीपासून सोडवली आणि बाहेर काढली. मी माझी घेतली. मागून बाज करकरली, पण पावलं वाजली नाहीत. गल्लीच्या वळणापर्यंत आम्ही दोघींनी मागं पाहिलं नाही.

शहराच्या जुन्या बारापुल्ला दरवाजाशी आलो तेव्हा पुलाखाली खाम नदी चांगली वाहत होती. बायका धुणी आपटत होत्या, म्हशी डुंबत होत्या. टांगेवाले घंटा वाजवत बाजूनं जात होते. अक्का कमानीखाली उतरल्या आणि मान वर करून बघत राहिल्या.

"एवढं उंच कशाला बांधलं?"

शाळेत शिकलेलं मी सांगितलं, की हे शहर एकेकाळी राजधानी होतं, इथून सगळ्या दख्खनवर हुकूम चालायचा, आणि दरवाजांतून हत्ती जायचे.

"अन् मेंढरं? आत सोडायचे का?"

"सरदारांना मटण लागत असेलच की."

त्या एवढ्या हसल्या की पुन्हा सायकलीवर बसताना तोल गेला. मग आम्ही काठाकाठानं पाणचक्कीकडं निघालो. घाई कसलीच नव्हती. उतार आला की पायडल थांबवायचे, चढ आला की उतरून गप्पा मारत ढकलायची. वाटेत पानटपरीवर काही पोरं उभी होती. त्यातला एक ओरडला, "अरे देखो, दूधवाली रानी की सवारी!"

मी मान खाली घातली. अक्कांनी ब्रेक दाबला, पाय टेकवला आणि त्याच्याकडं सरळ बघितलं. "व्हय, रानीच हाय. सवारी जातीय तर बाजूला हो."

बाकीची पोरं त्यालाच हसली, आणि तो खरंच बाजूला झाला.

पाणचक्कीच्या हौदाशी वडाखाली बसलो. लांब डोंगरातून खापरी नळांनी आलेलं पाणी भिंतीवरून कोसळत होतं. अक्का ते तुषार तोंडावर घेत बसून राहिल्या. त्यांना असं रिकामं बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. घरी त्या बसल्या तरी हात लसूण सोलत असायचे.

पुढं मकई दरवाजाशी एक बाई सीताफळं घेऊन बसली होती. आम्ही नदीच्या दगडांवर पाय पाण्यात सोडून सीताफळं खात होतो, तेवढ्यात वर पुलावर फटफटीचा आवाज आला. अक्कांचे यजमान, माझे थोरले भाऊजी. दूध घालायला गेलेल्या कुणीतरी आम्हाला पाहिलं होतं.

ते वरूनच ओरडले, "सायकल ठिव तिथंच. गाडीवर बस. घरी चल."

अक्कांनी हात धुतले, पदराला पुसले आणि वर आल्या. "मकबरा ऱ्हायलाय अजून."

"सगळी छावणी हसतीय आपल्याला, कळतंय का?"

"हसू द्या. त्यांचं हसून होईल, तवर आमचा मकबरा बघून होईल."

"बापूंनी सांगितलंय, तुला घेऊनच ये म्हणून."

"येते की. पण येईन ती माझ्या सायकलीवर, अन् मकबरा बघून. तुम्हाला यायचं तर या मागनं. गाडी तेवढी हळू चालवा, धूळ उडती."

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं. कदाचित धाकटी तरी ऐकेल असं वाटलं असावं. मी सायकलीवर बसले.

दरवाजातून बेगमपुऱ्यात शिरलो, आणि मागं फटफटी. सायकलीच्या चालीनं ती चालेना. जरा पुढं आली की बंद पडायची, भाऊजी किक मारायचे, पुन्हा धक्के खात यायची. मकबऱ्याच्या फाटकापर्यंत त्यांनी नाद सोडून ती हातानं ढकलत आणली होती. घामानं शर्ट अंगाला चिकटला होता. अक्कांनी त्यांच्यासमोर सायकल लावली. "बघा जरा लक्ष. चोरीला जाईल." आणि आम्ही आत गेलो.

आत अक्कांनी संगमरवराला हात लावून बघितला, जाळीतून खाली कबरीवर नजर टाकली.

"बाई मेल्यावर बांधलं ना हे सगळं?"

"हो," मी म्हणाले.

"जितेपणी कुठं हिंडली असंल का ती?"

आम्ही मागच्या चौथऱ्यावर डोंगर बघत उन्हं कलेपर्यंत बसलो. बाहेर आलो तर भाऊजी तिन्ही गाड्या राखत शेंगा खात बसले होते. अक्कांना बघून त्यांनी पुडी पुढं केली.

घरी मामा दारातच होते. त्यांनी अक्कांची सायकल घेतली आणि साखळीनं खांबाला बांधून कुलूप घातलं. माझी सोडली, कारण ती कामाची. "हिला परत हात लावायचा नाय," ते म्हणाले.

"बरं," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गोठ्यात गेल्याच नाहीत. ओट्यावर बसून मुलींच्या वेण्या घालत राहिल्या. मी बालवाडीला जाऊ की थांबू, असं घुटमळत होते. शेवटी पिशवी खुंटीला अडकवली आणि त्यांच्याशेजारी बसले. म्हशी हंबरत होत्या, शेण तसंच पडलेलं.

"हे कोण काढणार?" मामांनी विचारलं.

"ज्याला हिंडायची मुभा हाय, त्यानं काढावं," अक्का म्हणाल्या.

मामांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हात उगारतात. तेवढ्यात भाऊजींनी धोतर खोचलं आणि घमेलं घेऊन गोठ्यात गेले. बराच वेळ आतून खोऱ्याचा आवाज येत राहिला. कोपरापर्यंत भरलेले हात घेऊन ते बाहेर आले आणि बापासमोर उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा.

"किल्ली द्या, बापू."

मामांनी किल्ली काढली आणि अंगणात भिरकावली. ती अक्कांच्या पायाजवळ पडली. मी वाकणार होते, त्यांनी माझा दंड धरला.

"टाकलेली उचलणार नाय मी. हातात द्या."

मामा आत निघून गेले. किल्ली दिवसभर अंगणात पडून होती. सगळे तिला ओलांडून जात होते, मुलींनाही अक्कांनी दम भरला होता. दिवेलागणीला मामा स्वतः उठले, वाकून किल्ली उचलली आणि अक्का भाकरी थापत होत्या तिथं चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवली. हातात दिली नाही. पण वाकले ते. अक्कांनी भाकरी उलटली आणि त्यांचं ताट वाढलं.

त्यानंतर आम्ही बहुतेक रविवारी जायचो. कधी शेजारची एखादी कॅरिअरवर बसून यायची, पुढं अक्कांच्या दोन्ही मुलीही आल्या. मामांनी कधी जा म्हटलं नाही, आणि आम्ही परत विचारलंही नाही.

वर्षं गेली तसं शहर वाढलं आणि सगळी गटारं खामेत उतरली. काठानं जाताना पदर नाकाला लावावा लागायचा. घरातले म्हणायचे, आता तिकडं काय बघायचं, बागेत जाऊन बसत जा. अक्कांचे केस तोवर पिकले होते. एकदा थोरल्या जावयानंही हेच सुचवलं.

"नदी आम्ही घाण केली का?" त्यांनी विचारलं. "मग वाट आम्ही का सोडायची?"

आणि चाकात हवा आहे की नाही ते अंगठ्यानं दाबून बघायला लागल्या.