घायपाताचा पट्टा

लटकत्या वजनाखाली कुणी उभं राहायचं नाही. बहारीनला असताना हे वाक्य मी किती वेळा ओरडलो असेन, देव जाणे. मराठीत, हिंदीत, मोडक्या अरबीत, आणि कुणी ऐकलंच नाही तर शिव्यांत. मी रिगर होतो. जड वस्तू उचलायच्या, टांगायच्या, हे माझं काम. आधीच्या एका साइटवर दोर तुटून एका माणसाचा पाय गेलेला मी डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे नवा दोर हातात आला की मला पहिल्यांदा तो पायच आठवायचा. माझ्या तोंडाला लोक टरकून असायचे. मला ते चालायचं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. बायको रत्नागिरीकडून नुकतीच आली होती. लग्नानंतरची वर्षं तिने गावाला काढलेली आणि मी लेबर कॅम्पात. शेवटी फॅमिली व्हिसा मिळाला, मनामाच्या सूकमागे, म्हणजे जुन्या बाजारामागे, एक खोली घेतली, आणि कामावरून आल्यावर दार आतून उघडतं म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळलं.

ती शिवणकाम करायची. जवळच्या बुदैया गावी एका बंगल्यात पडदे शिवायला म्हणून गेली आणि तिथलीच होऊन बसली. त्या घरची बाई केनियाची, गिकुयू लोकांतली. नवरा बँकेत होता. नैरोबीत गुजराती दुकानदारांच्या शेजारात वाढलेली, म्हणून मोडकंतोडकं हिंदी यायचं. तिच्या मुलखात बायका घायपाताच्या सुताची गोल पोटाची पिशवी विणतात, कियोंडो म्हणतात तिला. पट्टा कपाळावर घ्यायचा आणि पिशवी पाठीवर. लाकडं, बटाटे, काय हवं ते त्यातून वाहायचं. तिच्या आईच्या कपाळावर त्या पट्ट्याची कायमची खाच पडली होती म्हणे. पण ही बाई विणत होती ती काही बाजाराची पिशवी नव्हती. पुरुषभर उंचीचा कियोंडो, एका नव्या हॉटेलच्या लॉबीत टांगायचं शिल्प. मी ऐकलं आणि म्हटलं, म्हणजे मोठं शिंकंच की!

पहिल्या दिवशी बायको घरी आली ती हसतच. "अहो, ती मांडीवर घायपाताचा वाख वळते. आपण वाती वळतो ना, तश्शी! मी शेजारी बसले, तर तिने वाखाची एक जुडी माझ्याकडे सरकवली."

"आणि पडदे?"

"होतील की."

कसले होतायत! रोज ही तिकडे वाख वळत बसायची. एकदा पातळ सावरताना मला तिची मांडी दिसली. साल गेलेली, लाल ओरखडेच ओरखडे. मी असा भडकलो. "वेड लागलंय का तुला? कातडी सोलून घेतेयस ती कुणासाठी?"

ती शांतपणे खोबरेल चोळत राहिली. "पट्ट्याचं सगळं सूत माझं आहे," म्हणाली. "बंगल्यातली ताई म्हणाली, तुझा पीळ घट्ट, पट्टा तुझ्याच सुताचा." तिचा चेहरा असा काही उजळला होता की माझा राग तिथेच विरला.

आणि नशीब बघा, त्या हॉटेलचं टांगायचं काम नेमकं आमच्या कंपनीकडे आलं, आणि कंपनीने ते माझ्या गळ्यात मारलं. कियोंडो ट्रकमधून उतरवताना चौघांची कंबर गेली. आत बुदैयाच्या मळ्यांतले खजुराच्या बुंध्याचे ओंडके भरलेले. मी विचारलं, हे कशाला? बाई म्हणाली, "बिना बोझ का कियोंडो क्या टांगना? बोझ उठाने के लिए तो बनाया है." सगळं वजन एकट्या पट्ट्यावर. तळहाताएवढा रुंद असेल तो पट्टा.

"याचं टेस्ट सर्टिफिकेट आहे?" मी बायकोला विचारलं.

"तुमच्या आईने शिंक्याला सर्टिफिकेट लावलं होतं?"

हसण्यावारी नेलं तिने, पण मला हसू येईना. आमचे इंजिनियर साहेब पुण्याचे, भला माणूस. तेही म्हणाले, "वायररोप लावा. पाहुण्यांच्या डोक्यावर पडलं तर तुमचा व्हिसा खलास आणि माझाही." माझा व्हिसा खलास म्हणजे ती पुन्हा गावाला. मी दुसरा विचार केलाच नाही. पट्टा तुळईवर अडकवला, पण तळाखालून पोलादी वायरही घेतली, दोन्ही टोकं वर तुळईला नटाच्या क्लिपांनी आवळली. बाई बघत होती.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी दोघी आल्या. वर बघून बाईचा चेहराच उतरला. पट्टा सैल पडला होता. साहजिकच होतं, पोलाद ताणलं जात नाही, सगळं वजन त्यानेच घेतलेलं. गोल पोट वायरीने करकचून आवळलेलं.

"ये तो सो गया," पट्ट्याकडे बोट दाखवून ती म्हणाली.

तेवढ्यात वरून टक् असा बारीक आवाज आला. मग आणखी एक. एसीच्या झोताने कियोंडो किंचित डावी-उजवीकडे फिरत होता आणि वायर करवतीसारखी तळाचं सूत कापत होती. सांभाळायला म्हणून लावलेली माझीच वायर!

बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तार निकालो, नहीं तो पूरा उतारो. झूठ मत टांगो."

साहेबांनी घड्याळात बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही सांगा. पट्टा धरेल?"

माझ्या गोदामातल्या प्रत्येक दोराला पत्र्याची पट्टी असते, किती वजन घेईल ते त्यावर लिहिलेलं असतं. या पट्ट्यावर काय लिहिलेलं होतं? बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवेना. "सांगता येत नाही," मी म्हणालो.

"मी वळलंय ते," ती म्हणाली. तेवढंच.

चेनपुली पहाटेच दुसऱ्या साइटवर गेलेली, त्यामुळे खाली उतरवायची सोय नव्हती. एकच मार्ग होता. मी परांचीवर चढून क्लिपा हळूहळू सैल करायच्या, वजन पट्ट्यावर जाऊ द्यायचं, आणि खालून दोन बाजूंनी कुणीतरी वायर हातांनी सोडवत राहायचं. दुरून ओढली तर विणीत अडकून तळ फाडणार. म्हणजे दोघांनी ओझ्याखाली उभं राहायचं. माझे हेल्पर पुढे आले, त्यांना मी हाकललं. दुसऱ्याच्या जिवाशी मी खेळणार नव्हतो.

बाईने चपला काढल्या आणि सरळ खाली जाऊन उभी राहिली. तिचं शिल्प, तिला अडवणारा मी कोण? मी वर चढलो, पान्हा लावला, खाली बघितलं, तर दुसऱ्या बाजूला पदर खोचून माझी बायको.

"ए! बाहेर हो! आधी बाहेर हो तिथून!" लॉबी दणाणली.

साहेब म्हणाले, "वहिनी, ऐका, बाहेर या."

"भावजी, तुम्ही जरा लांब व्हा." मग मान वर करून मला म्हणाली, "सर्टिफिकेट हवं होतं ना तुम्हाला? हे घ्या. आता ओरडू नका. नट फिरवा."

मी घाबरलो होतो, सरळ सांगतो. एक नट फिरवला. वायर जराशी ढिली पडली. दुसरा फिरवला. पट्टा ताठ होऊ लागला आणि करकरायला लागला. ओला वाख पिळताना येतो तसा आवाज. खालून वायर सरकवण्याची खरखर, दोघींचं "हां, हां" आणि माझा श्वास, एवढंच ऐकू येत होतं. शेवटचा नट सोडला तसा अख्खा कियोंडो वीतभर धाडकन खाली आला. कुणीतरी किंचाळलं. मी डोळे मिटून घेतले.

फरशीवर वायर पडल्याचा खणखणाट झाला. पाठोपाठ काहीच पडलं नाही.

"अहो."

डोळे उघडले. कियोंडोचं पोट पुन्हा गोल झालं होतं आणि त्याचा तळ बायकोच्या केसांना टेकला होता. बाईने दोन्ही हात कपाळावर धरले होते आणि ती रडत होती. मीही रडत होतो, त्याची कसली लाज? साहेब वर बघून विचारत होते, "तुम्ही काय धरून ठेवलंय?"

तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. पान्हा कधीच हातातून सुटला होता आणि मी दोन्ही हातांनी पट्टा आवळून धरला होता, पाय परांचीला रोवून, सगळा जीव एकवटून. बोटं सुटत नव्हती.

बायको ओझ्याखालून हललेली नव्हती. तिथूनच, घरात बोलते तशा आवाजात म्हणाली, "सोडा हो. धरलंय त्याने."

मी सोडलं.