भोरड्यांची वैरीण

जानकीबाईंचं नरडं सगळ्या चकलांबा गावाला माहीत होतं. ज्वारीत दाणा भरला की वावरातल्या माळ्यावर चढायचं आणि कणसांवर तुटून पडणाऱ्या भोरड्यांच्या सात पिढ्या उद्धरायच्या, यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. त्यांच्या एका हाळीनं शेजारच्या वावरातलीही पाखरं उठत, कधी बांधावर झोपलेला एखादा जावईही.

मग मुलाला, रामेश्वरला, बीडला नोकरी लागली आणि त्या फ्लॅटमध्ये आल्या. फ्लॅटमध्ये नरडं ठेवायला जागा नव्हती. त्या फोनवर बोलल्या तरी खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन विचारत, काही झालं का. रामेश्वर म्हणे, "आई, हळू." हळू बोलणं त्यांना जमेना, म्हणून त्या बोलेनाशाच झाल्या. तोंड फक्त जेवायला उघडे.

सून वर्षाराणी दर रविवारी नदीकाठच्या बागेत पक्षी बघायला जाई. तिनं सासूला सोबत न्यायला सुरुवात केली. अट एकच, तिथं आवाज करायचा नाही. जानकीबाईंनी ती मुकाट्यानं मान्य केली. तेवढी बाग गेली तर उरल्या चार भिंती, आणि भिंतींना सगळं सांगून झालं होतं.

माघ सरत आला होता. सावर लाल फुलांनी भरली होती आणि तिच्याखाली पक्षी बघणारी मंडळी उंदरावर टपलेल्या बोक्यांसारखी बसली होती. गटाचे म्होरके अमरसिंह सर, कोचिंग क्लासवाले. त्यांच्या कॅमेऱ्याला तोफेसारखी नळी होती.

"आज भोरड्या येणार," सर देवघरात पुटपुटावं तसं पुटपुटले.

"भोरड्या?" जानकीबाईंनी सुनेच्या कानाला तोंड लावलं. "त्या कावून बोलावल्या?"

"बोलावल्या नाहीत, आत्या. आपल्या आपण येतात. आपण बघायच्या."

"आन् मग?"

"मग काही नाही. बघायच्या."

घरात दरोडा पडलाय आणि आपण ओट्यावर बसून दरोडेखोरांच्या मिशा वाखाणायच्या, तसलाच हा प्रकार. पण जानकीबाईंनी पदर दातांत धरला.

भोरड्या आल्या. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या, नुसता कलकलाट. बघता बघता सावरीची फांदी दिसेना. सरांनी श्वास रोखला. वर्षाराणीनं सासूचा हात घट्ट धरला. पण हात धरून काय होणार?

"हाऽऽ हुर्र्योऽऽ, तुमचा मुडदा बशिवला."

थवा उठला. सरांची तोफ चिखलात गेली. एक निवृत्त तहसीलदार बाकावरून खाली आले; नोकरीत असताना त्यांना खुर्चीवरून हलवणं कुणालाच जमलं नव्हतं.

"मॅडम," नळी पुसत सर वर्षाराणीला म्हणाले, "पुढच्या वेळी यांना आणू नका."

जानकीबाईंनी मान खाली घातली. संपला रविवार.

तोवर थवा नदी ओलांडून पलीकडच्या ज्वारीत उतरला होता. तिथल्या माळ्यावरून एक बाई घोगऱ्या आवाजात कडाडली, "कोण्या सटवीनं हाकलल्या गं माझ्या वावरात?"

आता गप्प राहून वाचवायचं काही उरलं नव्हतं.

"म्या हाकलल्या," जानकीबाईंनी हाळी दिली. "तू माळ्यावर झोपा काढती का?"

"झोपा? ही सारजा हाय, सारजा. कोण्या गावची गं तू?"

"चकलांब्याची."

"तरीच. अगं, दोन दिस झालं वरडून, नरडं बसलंय माझं. लई शहाणी हायस तर ये की हिकडं."

जानकीबाईंनी चपला हातात घेतल्या.

"आत्या, पाणी घाण आहे," वर्षाराणी म्हणाली.

"पाणी कुठं हाय त्यात?"

आणि लुगडं खोचून त्या नदीत उतरल्या. पलीकडं सारजाबाईनं त्यांना हात देऊन माळ्यावर ओढून घेतलं, आधी ठेवणीतली एक शिवी घालून.

वर्षाराणीनं नवऱ्याला फोन लावला. "आत्या नदीपलीकडं गेल्यात."

"कधी येणारेत?"

तिनं पलीकडं बघितलं. दोन नरडी एकदम सुटली होती.

"ज्वारी निघाल्यावर," ती म्हणाली.