मी घासाघीस करून घेतलेली एसएसडी

ही घटना मी आजही विसरलेलो नाही, कारण तिचा फिर्यादी मीच होतो.

तेव्हा मी उमरगा भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचा संगणक सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. मागणीपत्राची वाट कोण पाहणार? महामार्गालगतच्या दुकानातून मी स्वतःच, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसवायला, एक टीबीची वेगवान एसएसडी आणली. दुकानदाराने साडेपाच हजार सांगितले, मी नऊशेत आणली. शून्यातून वर आलेला माणूस आहे; सांगितला तो भाव दिला तर मला जेवण जात नाही. आठवडाभर ठाण्यात मी हेच ऐकवत होतो.

नवव्या दिवशी महिला हवालदार समोर आल्या. "साहेब, मोटारचोरीचे जबाब उघडत न्हाईत. फाईलचं नाव दिसतंय, आत काहीच न्हाय."

मी तापलो. विहिरींवरच्या मोटारी चोरणारे दोघे कोठडीत होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे साठ दिवस भरत होते. तोवर दोषारोपपत्र कोर्टात गेलं नाही तर दोघेही जामिनावर सुटणार.

"तुम्हीच पुसले असतील!"

"ओरडून फाईल यायची न्हाय, साहेब. पेचकस द्या."

दोन पंचांसमक्ष एसएसडी उघडली. आत मोबाइलचं नखाएवढं मेमरी कार्ड आणि वजन यावं म्हणून चिकटवलेला लोखंडी तुकडा. कार्ड भरलं की नवी फाईल जुनीला खात होती.

दुकानदाराला आणलं. तासभर तो "माल कंपनीचा आहे" यावरून हलेना. मी भावाचा विषय काढला, तसा उसळला.

"पहिला डबा खराच दाखवला होता, साहेब! तुम्ही नऊशेवर अडलात, तवा म्या दुसरा काढला."

"माझ्यासमोर?"

"तुम्ही रागानं दारापर्यंत जाऊन परत आलात न्हाय का? तेवढ्यात. गिऱ्हाईक पाठ फिरवतं, ती येळ आमची."

फिर्याद टाइप करणाऱ्या हवालदार बाईंनी मान वर केली. "हे बी लिहू का, साहेब?"

"लिहा."

जबाब बचावले तेही त्यांच्यामुळेच. जुनी हार्ड डिस्क भंगारात घाला, असा माझा हुकूम होता. त्यांनी तो पाळला नव्हता आणि जबाबांच्या मूळ फाईली तिच्यात तशाच होत्या. डिस्क पुन्हा बसवली, संगणक रडतखडत चालला आणि दुसऱ्या दिवशी कोर्ट उठायच्या आत दोषारोपपत्र दाखल झालं.

संशयितावरून नजर हटवू नका, हे मी शिपायांना वर्षानुवर्षं शिकवलं. दुकानात मात्र मीच पाठ फिरवली. तेव्हापासून भाव करताना माझं लक्ष समोरच्याच्या हातांवर असतं. एक सल मात्र राहिली. एवढी चौकशी केली, पण पहिल्या, खऱ्या डब्याचा शेवटचा भाव विचारायचा राहूनच गेला.