अंगठ्याखालची घडी

चित्रकलेच्या वर्गातल्या मास्तरांना आम्ही खोडरबर म्हणायचो. त्यांच्याबद्दल कुणी चार चांगले शब्द बोललं की अजूनही माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकते, मागाहून पक्षपाताचा आरोप नको. मी माझ्या आत्याच्या बाजूची आहे. तिच्यावरही माझा राग आहे, पण बाजू तिचीच.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. पंचवीस वर्षं ती हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये मोडलेले हातपाय बांधत होती. पट्टी बादलीत बुडवायची, पिळायची, गुंडाळायची आणि तळहाताने घोटायची. हाताचं प्लास्टर असलं की अंगठ्याच्या मुळाशी आतलं कापड तिरकी घडी घालून बाहेर दुमडायची. बाकीचे तिथे सरळ कात्री चालवून मोकळे व्हायचे. "माझं प्लास्टर लांबूनही ओळखू येतं," असं ती जेवताना फुशारकीने सांगायची. मग बाबा म्हणायचे, "ताई, निदान ताटात तरी हाडं नकोत."

पण त्या पांढऱ्या पाण्याने तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या आणि आता त्यातून रक्त यायला लागलं होतं. त्याच सुमाराला हॉस्पिटलमध्ये शिकाऊ डॉक्टरांसाठी हाडांचे आणि स्नायूंचे तक्ते काढणारे गृहस्थ निवृत्त व्हायचे होते. त्यांची जागा आतल्याच माणसाला मिळणार होती. अट एवढीच, की पेन्सिल चित्रकलेचं प्रमाणपत्र हवं आणि वय पन्नासच्या आत हवं. आत्याच्या हातात अकरा महिने होते. तिने संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं आणि सोबतीला मलाही ओढलं.

पहिल्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांचे अर्ज चाळले. आत्याच्या अर्जावर 'प्लास्टर रूम' वाचलं आणि मान वर करून तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. उजवा हात कायम कोटाच्या खिशात. सगळी कामं डाव्या हाताने. मला वाटलं, ऐट आहे.

त्या दिवसापासून ते हात धुऊन तिच्या मागे लागले. मधल्या टेबलावर एक सुरई, एक बाटली, दोन कांदे आणि चुरगळलेलं फडकं मांडलेलं असायचं. प्रत्येक वस्तूभोवती खडूचं वर्तुळ, म्हणजे झाडलोट करताना हललीच तर जागेवर परत ठेवता यावी. दोन महिन्यांत आम्ही सगळे हाडांवर गेलो. हाडांची खरी जाणकार माझी आत्या मात्र पाच महिने सुरईपाशीच. तासभर घासून तिने सावली आणली की ते यायचे, डाव्या हाताने रबर फिरवायचे आणि म्हणायचे, "पुन्हा." काही सांगणं नाही, समजावणं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आत्या गुपचूप रबराचा चुरा झटकायची आणि पेन्सिलीला टोक काढायची.

शेवटी तिला हात काढायला दिला, तर तिथेही फजिती. समोर सरळ पसरलेला, प्लास्टरमध्ये ओतलेला हाताचा नमुना, आणि हिने कागदावर मनगट किंचित मागे कललेलं, बोटं अर्धवट मिटलेली काढली. स्वतः प्लास्टर घालताना पेशंटचा हात जसा धरते तसा! पंचवीस वर्षांची सवय. तिला पत्ताही नव्हता.

"बाई, तुम्ही बघताय कुठे?" मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले. "तुम्हाला माहीत आहे तेच काढताय. समोर काय आहे ते कधी बघितलंत आयुष्यात?"

वर्ग हसला. जिन्यात मी तिला म्हटलं, "सोड हा वर्ग. पायपुसणं करून ठेवलंय तुझं त्याने."

"बोलतो ते खोटं नाही गं," ती म्हणाली. मला तिचाच संताप आला.

परीक्षेला दोन कागद होते. पहिला सुरईचा, तो झाला. दुसऱ्यासाठी प्लास्टरचा नमुना असायचा. त्या दिवशी मास्तरांनी टेबलावर काळं कापड पसरलं, खुर्ची ओढून बसले आणि खिशातला उजवा हात काढून दिव्याखाली ठेवला.

हात वाळून बारीक झालेला. मनगट आत वळलेलं, बोटं आकड्यासारखी वाकलेली, न उघडणारी. मी चित्रात सरळ खोटेपणा केला. बोटं जरा सैल काढली आणि अर्धी कापडाच्या सावलीत लपवली. बहुतेकांनी असंच काहीतरी केलं.

मध्येच आत्याची पेन्सिल थांबली. मास्तरांच्या अंगठ्याच्या मुळाशी एक जुना व्रण होता, तिरका, घडीसारखा. ती पांढरीफटक पडली. मला वाटलं, ही आता उठणार. पण तिने टोक काढलं आणि पुन्हा काढायला बसली. एकेक वाकलेलं बोट, प्रत्येक शीर, सगळं जसंच्या तसं. शेवटी तो व्रणही.

बाकीचे गेल्यावर तिने कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"मीच बांधलं होतं," ती म्हणाली.

"बावीस वर्षं झाली. त्याच संध्याकाळी परत आलो होतो, बोटं बधिर झालीत म्हणून. काय म्हणाला होतात?"

आत्याला ते आठवत नव्हतं. पण सगळ्यांना ती एकच गोष्ट सांगायची, त्यामुळे उत्तर माहीत होतं.

"प्लास्टर म्हटलं की दुखणारच. उद्या या."

"उद्यापर्यंत हात गेला होता."

"चुकलं माझं," आत्या म्हणाली.

मास्तरांनी चित्र दिव्याजवळ नेलं. मला वाटलं, आता रबर फिरणार. त्यांनी प्रमाणपत्र पुढे ओढून डाव्या हाताने सही केली.

"चित्र बरोबर आहे म्हणून सही केली. माफ केलं असं समजू नका. आणि पुन्हा माझ्या दारात येऊ नका."

आत्याला जागा मिळाली. तिने काढलेला पहिला तक्ता शिकाऊ डॉक्टरांच्या वर्गात गेलाच नाही. तो प्लास्टर रूममध्ये, बादलीच्या बरोबर वर लागला. तोच हात, तीच बोटं, तोच व्रण. खाली ठळक अक्षरांत एवढंच: 'बोटं बधिर झाली म्हणतोय? आधी प्लास्टर कापा.'

"खोडरबरला दाखवलास?" मी विचारलं.

"त्याला कशाला? तो रोज बघतोच."

हल्ली तिच्या जागी प्लास्टर घालणारा माणूस आत्यावर कुरकुरतो. तक्ता बघून पेशंट घाबरतात आणि उगाच परत येतात म्हणे. मागच्या आठवड्यात असाच एक गवंडी परत आला. प्लास्टर कापलं तेव्हा त्याची बोटं निळी होती.