बुबू दिवसाला किती नारळ खाते

आयुष्यात आपण एकदाच खोटं बोललो, असं माझी आजी लिबोरा बुबू म्हणायची. हे दुसरं खोटं, पण ते जाऊ दे.

पहिल्या खोट्याला मी साक्षीदार होते, कारण दुभाषी मीच. किरणोत्सर्ग मोजणारे वेलर साहेब वही घेऊन दारोदार फिरत होते. अणुबाँबच्या चाचण्यांनी आमच्या बेटाची माती नासवली आणि आम्हाला या दुसऱ्या बेटावर आणून ठेवलं. ती साफ करून आम्हाला परत न्यायचं, तर कोण काय खातं ते कळायला हवं, कारण विष मातीतून नारळात चढतं.

"दिवसाला किती नारळ?" त्यांनी विचारलं.

सकाळपासून तीन रिचवलेली बुबू म्हणाली, "एखादा. कधी तोही नाही." आणि चौथा फोडून त्यांच्या हातात दिला.

पाहुण्यापुढे आपलं खाणं मोजून दाखवणं म्हणजे आमच्यात लाज सोडणं. घरोघरी बायकांनी हेच केलं. मीही ते निमूट इंग्रजीत सांगत गेले. मी तरी कुठली निराळी!

दोन वर्षांनी वेलर साहेब सफाईचा आराखडा घेऊन आले. सगळे चर्चशेजारच्या सभागृहात जमलो. गावठाणाची माती खरवडून काढणार. दक्षिणेकडच्या झाडांना पोटॅशचं खत घालणार, म्हणजे झाडं विष कमी ओढतात. उत्तरेची नारळबाग मात्र आहे तशीच. का? तर माणशी एकच नारळ, एवढ्यानं काही होत नाही.

उत्तरेची बाग बुबूच्या आईची. आमच्यात जमीन आईकडून लेकीकडे जाते. माझी आई आधीच गेली, म्हणून बुबूनंतर ती माझी, मग माझ्या पोरींची.

मेयर लान्वी पेन उघडून सहीला बसला होता. बुबू उठली.

"थांब रे लान्वी. मी खोटं सांगितलं होतं. मी तीन खाते. पाहुणे नसले की चार."

लान्वीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बुबू, पाहुण्यासमोर काय हे! खाली बस."

"कसला पाहुणा? माझ्या पणत्यांच्या हाडांत काय जाणार, ते हा लिहितोय. जेवायला येईल तेव्हा पाहुणा. आज नाही." मग ती बायकांकडे वळली. "तुमच्या तोंडाला काय कुलूप लागलंय? लोका, तू सांग. काल माझ्याच अंगणात बसून पाच खाल्लेस."

"सहा," शेजारची लोका पुटपुटली.

सभागृह खो खो हसलं आणि सगळ्यांची भीड चेपली. कुणी चार, कुणी पाच. भातात आणि माशात पडणारं नारळाचं दूध तर कुणी मोजलंच नव्हतं. साहेब लिहीत गेले. मग त्यांनी वही मिटली. माणूस वाईट नव्हता.

"हे खरं असेल तर उत्तरेलाही काम लागेल," ते बुबूला म्हणाले. "सगळा हिशोब पुन्हा. सहा वर्षं, कदाचित आठ. जुन्या आकड्यावर तुम्ही पुढच्या वर्षी घरी जाल."

मी ते तिला सांगितलं. बुबू एक्याऐंशी वर्षांची होती. आपल्या बेटावर आईशेजारी पुरलं जावं, एवढं एकच मागणं ती दर रविवारी देवाकडे मागायची, तेही मोठ्यानं.

लान्वी हळूच म्हणाला, "एकच लिहू दे ना, बुबू. तू तरी घरी जाशील."

मला वाटलं, हो म्हण. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

बुबू साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "मला इथंच पुरा, वाळूत, कुठंही. मेलेल्या बाईला विष बाधत नाही. पोरींना अजून जेवायचंय. लिही, तीन."

साहेबांनी वही उघडून लिहिलं. लान्वीनं पेनाला टोपण लावलं.

बुबू इथंच आहे, चर्चमागे. उत्तरेच्या बागेत खताची पहिली पोती यंदा उतरली. ती पोती ताब्यात घेतल्याची सही मी केली, बाग माझी आहे म्हणून.