कोरियाचा ताणा

बाबूभाईला एका जागी बसणं मुळातच जमत नसे, त्यात दोन हजार एक साली त्याचा ड्रॉबॅकचा अर्ज परत आला. ब्रह्मपुरीतून कोश्याच्या, म्हणजे रानरेशमाच्या, शाली जर्मनीला पाठवणारा हा हौशी गडी. शालीचे आडवे धागे गडचिरोलीच्या जंगलातल्या कोश्याचे. उभे धागे, म्हणजे ताणा, कोरियाच्या रेशमाचा. त्या रेशमावर बंदरात भरलेलं शुल्क माल परदेशी गेला की सरकार परत देतं, तोच ड्रॉबॅक. त्याच पैशांतून जंगलात कोश पिकवणाऱ्या झाडूच्या गावचे यंदाचे कोश उचलायचे होते.

पण बिलावर यानेच ऐटीत लिहिलेलं, प्रत्येक धागा आमच्या जंगलाचा. लबाडी नव्हती हो. आपल्या बाजारात ताण्याची चौकशी करतो कोण? नागपूरच्या कस्टम ऑफिसातल्या बाईसाहेबांनी केली. सगळाच धागा जंगलाचा, तर शुल्क कशाचं परत देऊ, असं त्यांनी शांतपणे विचारलं. गिऱ्हाइकाला खरं कळवा, त्याची सही आणा.

खरं सांगावं तर गिऱ्हाईक जाणार, लपवावं तर परतावा बुडणार. बाबूभाई चार दिवस घरात येरझारा घालत होता. पाचव्या दिवशी झाडू दारात आला. कोश कधी नेता म्हणून विचारू लागला. दुसरा व्यापारी मागत होता. बाबूभाईने घडलं ते सगळं सांगून टाकलं.

झाडू दारातच खाली बसला. "अन् मी गावात सांगत फिरलो भाऊ, पुरं कापड आपलंच हाय म्हणून."

बाबूभाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तडक जर्मनीला फॅक्स करायला गेला.

सही आली आणि निरोपही आला: पुढची मागणी रद्द, निव्वळ कोसा असेल तरच बोला. महिन्याने परतावाही जमा झाला. पैसा आहे, गिऱ्हाईक नाही. बाबूभाईच्या येरझारा वाढल्या. त्याची बायको अमिना मागावर ताणा लावायची. ती वैतागून म्हणाली, "मंग ताणाही कोश्याचाच लावू. तुटन तं जोडू."

सगळा परतावा झाडूच्या कोशांत गेला. ताणा वीतवीतभराला तुटे, चार शालींच्या वेळात एक होई. नमुन्याची पहिली शाल पाठवताना एजंटाने सवयीने ड्रॉबॅकचा अर्ज पुढे केला. बाबूभाईने तो मागे सारला.

"याच्यात सरकारले मांगाले काईच नाई."

म्हणाला खरा, पण जर्मनीचं उत्तर येईपर्यंत त्याच्या येरझारा काही थांबल्या नाहीत.