एकतीस अधिक एक्केचाळीस

येरमाळ्याच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दहावीच्या निकालादिवशी माणसं कशी वागतात, ते मला विचारा!

सत्यभामाकाकूंचा सतरा नंबरचा फॉर्म म्याच भरला होता. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा तो फॉर्म. सातवीत शाळा सुटलेली, वय सेहेचाळीस. मुलींच्या वसतिगृहात अकरा वर्षं त्या स्वयंपाक करत होत्या. तिथं मदतनीसाची कायमची जागा निघाली, पण दहावी पास पाहिजे. निकालानंतरच्या सोमवारपर्यंत कागद आणा, न्हायतर जागा दुसरीला, असं तिथल्या मॅडमनी साफ सांगितलेलं. मग काय, भाकरी थापता थापता काकूंचं बीजगणित सुरू! पुस्तकाचं पान न् पान पिठानं माखलं.

त्यांचे मालक हिंमतराव दहावीला तीनदा बसलेले आणि तीनदा आपटलेले. बायको पुढं जाती का काय, या धास्तीनं काकांचं जेवण उडालं होतं.

दुपारी एकला निकाल लागला. काकांनी मोबाईलवर आधी गणितच बघितलं. एकतीस! पस्तीस न्हाईत म्हणल्यावर पुढचं बघतंय कोण? फोन काकूंच्या हातात देऊन हा गडी थेट चहाच्या टपरीवर. "आमची मंडळी गणितात गेली बरं का!" म्हणत अकरा जणांना चहा पाजला. बायको नापास झाल्याचा चहा! असला नग म्या जन्मात बघितला न्हाय.

काकू दुकानात आल्या त्या डोळे पुसतच. "हर्षाली, चार मार्कांनी गेली गं जागा."

मला भडभडून आलं. पण कागद छापून घेतला आणि खालची ओळ बघितली. उत्तीर्ण!

"अहो काकू, गणित न् विज्ञान जोडून धरतात! दोन्हीत पंचवीसच्या खाली नको आणि बेरीज सत्तर पाहिजे. तुमचे एकतीस आणि एक्केचाळीस!"

काकूंनी बोटांवर मोजलं. परत मोजलं. "अगं बया, मग दोन जास्तीच हायेत की!"

कागद घेऊन त्या टपरीवर गेल्या. सगळ्यांदेखत काकांना म्हणाल्या, "पास झाले. आता पासाचा चहा सांगा." त्या अकरा जणांनी निर्लज्जासारखा दुसरा कपही ढोसला.

सोमवारी कागद पोचला आणि जागा काकूंची झाली. मंगळवारी काका माझ्या दुकानात आले, हळूच, इकडंतिकडं बघत. खिशातून पिवळा पडलेला कागद काढला. त्यांची शेवटची गुणपत्रिका. गणित अठ्ठावीस, विज्ञान बेचाळीस.

"हर्षाली, सत्तर होत्यात बघ. आमच्या टायमाला असं जोडत नव्हते. आता मशीनमध्ये घालून पास निघंल का?"

"न्हाय हो काका. जुन्याला नवा नियम लागत न्हाय."

काकांनी कागदावरच्या आकड्यांवरनं परत बोट फिरवलं. त्यांचा तो चेहरा बघून मला चहाचा सगळा राग विसरायला झालं. तेवढ्यात मागून काकू आल्या. कधी आल्या, कुणास ठाऊक. त्यांनी कागद बघितला, काकांकडं बघितलं आणि मला म्हणाल्या, "ह्यांचाबी सतरा नंबर भर. गणितात एकतीसपर्यंत मी नेते. पुढचं त्यांनी विज्ञानात बघावं."

काकांनी खिशातून आधार कार्ड काढलं. येतानाच आणलं होतं.